झडपांचं वेळापत्रक

पिंपळे सौदागरच्या कोकणे चौकातून सकाळी चाकणला निघालेली पेट्रोल गाडी वीस-पंचवीस किलोमीटरच्या रस्त्यात इंजिनाला चार तऱ्हांनी राबवते. सिग्नलला ती नुसती धुगधुगी धरून उभी असते. आरपीएमचा काटा आठशेच्या आसपास. नाशिक फाट्याच्या उड्डाणपुलावर चढताना पाय बऱ्यापैकी दाबलेला असतो, पण काटा अडीच हजारांपुढे जात नाही. मोशीनंतर रस्ता मोकळा मिळालाच (असे दिवस उगवतात, निव्वळ अफवा नाही) तर वरच्या गिअरमध्ये ऐंशीचा वेग, काटा दोन हजारांच्या जवळपास आणि पाय जेमतेम टेकलेला. मग चिंबळी फाट्याच्या आगेमागे पत्र्याच्या कॉइल लादलेला ट्रेलर आडवा येतो. त्याला मागे टाकायचं ठरवलं की तेच इंजिन काही सेकंद साडेपाच हजारांवर ओरडतं.

चारही वेळा सिलिंडरमध्ये घडतं एकच: हवा आत, दाब, स्फोट, धूर बाहेर. पण त्यासाठी मिळणारा वेळ किती बदलतो पाहा. आठशे आरपीएमला पिस्टनला एकदा खाली यायला सुमारे साडेसदतीस मिलिसेकंद लागतात. सहा हजारांना तोच प्रवास पाच मिलिसेकंदांत उरकतो. या पाच मिलिसेकंदांत झडप उघडायची, सिलिंडरभर हवा आत ओढायची, झडप मिटायची, आणि हे दर सेकंदाला पन्नास वेळा.

झडपा उघडतो तो कॅमशाफ्ट. क्रँकच्या दोन फेऱ्यांमागे त्याची एक फेरी होते, आणि त्याच्यावरचे अंड्याच्या आकाराचे उंचवटे, म्हणजे लोब, झडपांना खाली दाबतात. झडप कधी उघडणार, किती उघडणार आणि किती वेळ उघडी राहणार, या तिन्ही गोष्टी त्या उंचवट्याच्या घडणीत गोठलेल्या असतात. कारखान्यात लोब घासून तयार झाला की निर्णय कायमचा झाला. मग तो कोकणे चौकातल्या सिग्नलसाठी घ्यायचा की ट्रेलरला ओव्हरटेक करण्यासाठी? जवळपास शंभर वर्षं मोटारींच्या इंजिनियरांनी मधला मार्ग काढला आणि दोन्हीकडे थोडं थोडं सोसलं.

या घडणीचं गाव आपल्याकडे आहे, आणि ते पुण्यात नाही, सोलापुरात आहे. १९९२ मध्ये यतीन शहा यांनी सुरू केलेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी चादरींच्या या गावातून जनरल मोटर्स, फोर्ड, ह्युंदाई अशा कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवत जगातल्या मोठ्या उत्पादकांत जाऊन बसली. ओतीव कॅमशाफ्टची एक जुनी युक्ती बघण्यासारखी आहे. वाळूच्या साच्यात जिथे लोब येणार, तिथे धातूचे तुकडे आधीच बसवून ठेवतात. त्यांना चिल म्हणतात. वितळलेलं बीड ओतलं की चिलला टेकलेला भाग झटकन थंड होतो आणि काचेसारखा कठीण बनतो. वाळूत सावकाश निवलेला गाभा मात्र त्या मानाने मऊ राहतो. लोबला झीज सोसायची असते, दांड्याला पीळ. एकाच ओतकामात दोन्हींची सोय होते. इतकी मेहनत घेऊन बनवलेल्या या दांड्यात एकच उणीव: तो आपलं मत बदलत नाही.

मत बदलायला हवं ते का, हे कासारवाडी स्टेशनवर गर्दीच्या वेळी उभं राहिलं की कळतं. लोकल थांबल्यावर पहिले काही क्षण उतरणारे उतरत असतात आणि चढणारे घुसत असतात, दोन्ही एकदमच. एकदा चढणाऱ्यांचा रेटा सुरू झाला की तो लगेच थांबत नाही. गाडी हलली तरी मागचे पुढच्यांना आत ढकलतच असतात. हवेचंही असंच. इंजिन वेगात असताना इनटेकच्या नळीतली हवा अशी रेट्यात आलेली असते की पिस्टन तळाला पोचून पुन्हा वर निघाला तरी ती आत शिरत राहते. तेव्हा झडप उशिरा मिटली तर सिलिंडर जास्त भरतो, ताकद वाढते. हीच उशिराची वेळ आठशे आरपीएमला ठेवली तर रेटा नसल्यामुळे वर येणारा पिस्टन आत आलेली हवा पुन्हा नळीत परतवतो आणि गाडी उचलत नाही.

उतरणं आणि चढणं एकाच वेळी चालतं त्या घटकेला इंजिनियर ओव्हरलॅप म्हणतात. धुराची झडप अजून मिटलेली नाही आणि हवेची उघडायला लागली आहे. वेगात असताना बाहेर निघालेला धूर आपल्यामागे ताज्या हवेला ओढून घेतो, तेव्हा हा ओव्हरलॅप उपकारक. सिग्नलला उभं असताना मात्र धूर उलटा फिरून इनटेकमध्ये शिरतो, ज्वलन बिघडतं आणि स्टिअरिंग थरथरायला लागतं.

भोर घाटातली आधीची पिढी

झडपांची वेळ कामाप्रमाणे बदलावी ही कल्पना पेट्रोल इंजिनाच्याही आधीची आहे, आणि ती चिंचवड-कासारवाडीवरूनच धडधडत गेली आहे. वाफेच्या इंजिनात ड्रायव्हरच्या हाताशी एक दांडा असे. तो पुढे-मागे केला की सिलिंडरमध्ये वाफ किती काळ सोडायची ते बदलायचं. या बिंदूला कटऑफ म्हणत. १८६३ मध्ये भोर घाटाचा लोहमार्ग सुरू झाला. पळसदरीकडून खंडाळ्याकडे चढताना ड्रायव्हर पिस्टनच्या बहुतेक धावेभर वाफ आत सोडत असे, कारण तिथे ओढ हवी. तळेगावच्या सपाटीवर तो दांडा मागे घेई, वाफ थोडक्यात तोडे आणि उरलेलं काम वाफेच्या प्रसरणावर सोडून देई, म्हणजे कोळसा आणि पाणी वाचे. स्टीफन्सन किंवा वॉलशार्ट्स यांच्या नावाची ही यंत्रणा १८४० च्या दशकातली. म्हणजे मोटारगाडीत जे यायला १९८० उजाडलं, ते रेल्वेत मोटारगाडी जन्मण्याआधी चाळीस वर्षं चालू होतं. फरक एवढाच की वाफेचं इंजिन मिनिटाला शे-दोनशे फेऱ्या मारत असे आणि दांडा हलवायला एक अनुभवी माणूस शेजारी उभा असे.

१९८० मध्ये आल्फा रोमिओने स्पायडर या छोट्या उघड्या गाडीत ही सोय पहिल्यांदा विक्रीच्या मोटारीत आणली. इंजिनियर होते जाम्पाओलो गार्चेआ. स्पायडर म्हटलं की वाटेल, शर्यतीच्या हौसेपोटी केलं असणार. पण खरा दाब अमेरिकेच्या धूरविषयक नियमांचा होता. वेगातल्या ताकदीसाठी त्या इंजिनाला भरपूर ओव्हरलॅप हवा होता आणि मंद चालीत त्याच ओव्हरलॅपमुळे धूर नियमांत बसेना. म्हणून इनटेक कॅम दोन स्थितींत फिरेल अशी व्यवस्था केली. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढची चाळीस वर्षं जाहिराती ताकदीच्या झाल्या आणि शोधांना ढकलत राहिले ते बहुतेकदा धूर आणि इंधनाचे नियम.

पिंपरीत ही कला १९९५ च्या सुमारास पोचली, तीही मोठ्या घरची पाहुणी म्हणून. मर्सिडीज-बेंझने टाटांच्या टेल्को कंपनीच्या आवारात ई-क्लासची जुळणी सुरू केली. २००९ मध्ये कंपनी चाकणला स्वतःच्या कारखान्यात गेली. त्या पहिल्या ई-क्लासमधल्या ई२२० च्या पेट्रोल इंजिनात इनटेक कॅम फिरवण्याची सोय होती. १९९८ च्या अखेरीस त्याच पिंपरीतून टाटांची इंडिका आली ती साध्या, अचल कॅमवर. आणि तेव्हा ते बरोबरच होतं. परवडणाऱ्या गाडीत आधी दारं नीट लागली पाहिजेत.

तळहाताएवढं चाक

आज पिंपळे सौदागरच्या कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमधल्या बहुतेक नव्या पेट्रोल गाड्यांत जी यंत्रणा आहे, तिला कॅम फेझर म्हणतात. टोयोटा व्हीव्हीटी-आय म्हणते, बीएमडब्ल्यू व्हॅनोस म्हणते, ह्युंदाई व्हीटीव्हीटी म्हणते, मारुती नुसतं व्हीव्हीटी. नावं कंपन्यांची, आतली रचना जवळपास एक.

फेझर टेबलावर ठेवून उघडला तर पहिल्यांदा निराशाच होते. बाहेरून ते साधं दात्यांचं चाक, तळहातावर मावेल एवढं. त्यावर टायमिंग चेन किंवा बेल्ट चढतो. पुढचं झाकण काढलं की आत चार-पाच पाकळ्यांचा एक रोटर दिसतो. रोटर कॅमशाफ्टला बोल्टने घट्ट आवळलेला, बाहेरचं कवच चेनबरोबर फिरणारं. कवचाला आतून भिंती असतात, त्यामुळे प्रत्येक पाकळीच्या दोन्ही अंगांना एकेक कप्पा तयार होतो. या कप्प्यांत इंजिन ऑइल येतं. एका बाजूच्या कप्प्यांत दाब वाढवला की पाकळ्या पुढे सरकतात, म्हणजे कॅमशाफ्ट चेनच्या थोडा पुढे जातो आणि झडपा लवकर उघडतात. दुसऱ्या बाजूला दाब दिला की उलट. हालचाल थोडीच, कॅमच्या वीस-पंचवीस अंशांची. पण क्रँकच्या हिशेबात ती दुप्पट मोजायची. पाकळ्यांच्या टोकांना पातळ सील असतात, आणि एका पाकळीच्या पोटात बोटाच्या पेराएवढी लॉक पिन. इंजिन बंद झालं, तेलाचा दाब गेला की ही पिन खाचेत बसते आणि रोटर जागेवर अडकतो, नाहीतर पुढच्या स्टार्टला पाकळ्या भिंतींवर आपटत राहतील.

तेल कुठल्या कप्प्यात जायचं हे ठरवणारा सोलेनॉइड अंगठ्याएवढा. त्यात एक खाचा पाडलेली दांडी मागे-पुढे सरकते आणि तेलाच्या वाटा उघडते-मिटते. इंजिनाचा कॉम्प्युटर क्रँकचा सेन्सर आणि कॅमचा सेन्सर सतत पडताळतो, कॅम सांगितलेल्या जागी पोचला का ते बघतो आणि सोलेनॉइडची वीज कमी-जास्त करतो. दोन स्थितींचा काळ गेला. कॅम आता मधल्या कुठल्याही अंशावर धरून ठेवता येतो.

मग आपली चाकणची गाडी. सिग्नलला ओव्हरलॅप जवळपास शून्य, म्हणून स्टिअरिंग स्थिर. मोशीच्या मोकळ्या रस्त्यावर, हलक्या पायावर, कॉम्प्युटर मुद्दाम थोडा ओव्हरलॅप देतो, जेणेकरून जळलेल्या वायूचा काही भाग सिलिंडरमध्येच राहावा. त्या निष्क्रिय वायूमुळे ज्वलनाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी बनतात. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ या धूरनियमांच्या काळात ही गोष्ट फार कामाची. ओव्हरटेकच्या वेळी इनटेक कॅम मागे रेलतो, झडप उशिरा मिटते, रेट्याचा फायदा पदरात पडतो.

कमी आरपीएमवरच्या ओव्हरलॅपची कथा मात्र पुलाच्या चढावर, टर्बो इंजिनात, उलटी आहे. चाकणच्याच दुसऱ्या एका कारखान्यात बनणाऱ्या टायगुन, कुशाक, व्हर्टस आणि स्लाव्हिया या गाड्यांतलं एक लिटरचं तीन सिलिंडरचं टीएसआय इंजिन ११५ पीएस ताकद देतं आणि तेही चाकणलाच तयार होतं. कमी आरपीएमवर पाय दाबला की टर्बोमुळे इनटेककडचा दाब धुराकडच्या दाबापेक्षा जास्त होऊ शकतो. अशा वेळी ओव्हरलॅप ठेवला तर ताजी हवा सिलिंडरमधून आरपार वाहते, उरलासुरला धूर झाडून नेते आणि टर्बोच्या पात्याला आणखी ढकलते. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये आणि धुराची झडप मिटल्यावर उडवलं जात असल्यामुळे ते या वाहत्या हवेबरोबर वाया जात नाही. ज्या ओव्हरलॅपला टर्बो नसलेल्या इंजिनात कमी आरपीएमवर हाकलून दिलं, त्यालाच इथे बोलावून घेतलं जातं.

फेझरची मर्यादा सरळ आहे. तो वेळापत्रक अख्खंच्या अख्खं पुढे-मागे सरकवतो. झडप किती उघडणार आणि किती वेळ उघडी राहणार, या दोन गोष्टींना तो हात लावू शकत नाही.

मागच्या काचेखालची अक्षरं

होंडाने १९८९ मध्ये इंटेग्रा गाडीत व्हीटेक आणलं तेव्हा दुसरी वाट धरली. दोन झडपांसाठी तीन लोब: बाजूचे दोन बुटके, मधला उंच. कमी वेगात बुटके लोब काम करतात, मधल्याचा रॉकर मोकळाच हलत राहतो. आरपीएम पुरेसं चढलं की तेलाच्या दाबाने एक पिन तिन्ही रॉकरना आरपार जोडते आणि तिघेही मधल्या उंच लोबच्या तालावर नाचतात. झडप जास्त उघडते, जास्त वेळ उघडी राहते. टर्बोशिवायच्या १.६ लिटरच्या त्या इंजिनाने १६० पीएस दिले, म्हणजे लिटरमागे शंभर. १९८९ मध्ये हा आकडा शर्यतीतला वाटायचा.

त्याच अक्षरांखाली पुढे काय झालं ते बघा. २००६ मध्ये भारतात आलेल्या सिव्हिकच्या १.८ लिटर इंजिनावर आय-व्हीटेक लिहिलेलं होतं. त्यातही पिन होती, दोन तऱ्हांचे लोब होते. पण दुसरा लोब वेगासाठी नव्हता. हलक्या पायाने जाताना इनटेक झडप मुद्दाम उशिरा मिटवून पेट्रोल वाचवण्यासाठी होता. होंडाच्याच दोन कॅमच्या मोठ्या इंजिनांत आय-व्हीटेक म्हणजे ही पिन अधिक कॅम फेझर. एका कॅमच्या सिव्हिकमध्ये फेझर नव्हताच. अक्षरं तीच, काम तिसरंच. शोरूममध्ये व्हीव्हीटी आहे का असं विचारण्यात फारसा अर्थ नाही. वेळ बदलते, उघडीप बदलते की कालावधी, हे विचारावं. विक्रेता गडबडला तरी हरकत नाही, माहितीपत्रकातून उत्तर बहुधा निघतं.

रांजणगावातलं तेल, चाकणमधली खाच

आता पेट्रोल इंजिनाच्या सर्वांत जुन्या दुखण्याकडे येऊ. पाय हलका असला की थ्रॉटलची चकती इनटेकचं तोंड जवळपास मिटवते. पिस्टन खाली ओढतो, हवा येत नाही, मागे पोकळी तयार होते आणि इंजिन आपलीच ताकद ती पोकळी ओढण्यात घालवतं. मोशीच्या जाममध्ये तासभर रखडणारी गाडी पेट्रोल पिते त्याचं हे एक मोठं कारण. थ्रॉटल उघडाच ठेवून झडपेनेच हवा मोजली तर? बीएमडब्ल्यूने २००१ मध्ये व्हॅल्व्हट्रॉनिकने हे केलं. कॅम आणि झडप यांच्यामध्ये एक तरफ घातली आणि तिचा टेकू मोटरने सरकवला. झडपेची उघडीप मिलिमीटरच्या अंशापासून सुमारे दहा मिलिमीटरपर्यंत हवी तशी ठेवता येऊ लागली. यंत्र देखणं, पण सुट्या भागांची गर्दी भारी.

फियाटचं उत्तर मला जास्त धाडसी वाटतं, आणि ते २०१७ पासून नगर रस्त्यावरच्या रांजणगावात बनणाऱ्या जीप कंपासच्या पेट्रोल गाडीत होतं. १.४ लिटर, टर्बो, १६३ पीएस. या मल्टिएअर इंजिनात इनटेकसाठी वेगळा कॅमशाफ्टच नाही. धुराच्या झडपांचा जो कॅम आहे त्यावरच एक जादा लोब असतो, आणि तो झडपेला स्पर्शही करत नाही. तो एक छोटा पिस्टन दाबतो, पिस्टन तेल दाबतो आणि ते तेल झडप उघडतं. मध्ये एक झटपट उघडझाप करणारा सोलेनॉइड. तो बंद असला तर तेल कोंडलेलं राहतं आणि झडप लोबच्या आकाराप्रमाणे पूर्ण उघडते. तो मध्येच उघडला की तेल बाजूला पळतं, झडप स्प्रिंगने मिटायला लागते, तिकडे लोब अजून चढतच असला तरी. आपटू नये म्हणून शेवटच्या टप्प्यात तेलच ब्रेकचं काम करतं.

म्हणजे लोब नुसती कमाल मर्यादा सांगतो. तिच्या आत काय करायचं ते प्रत्येक फेरीत, प्रत्येक सिलिंडरसाठी वेगळं ठरतं. झडप लवकर मिटवा, उशिरा उघडा, नाहीतर एकाच फेरीत दोनदा थोडी थोडी उघडा. २००९ मध्ये आल्फा मिटोमधून बाजारात आणताना फियाटने इंधनात दहा टक्क्यांपर्यंत बचतीचा दावा केला होता. ज्या संशोधन केंद्रातून डिझेलचं कॉमन रेल निघालं, त्याच तुरिनजवळच्या केंद्राचं हे अपत्य. कॉमन रेलवर चालणारं १.३ मल्टिजेट रांजणगावात बनलं आणि देशभर पसरलं. मल्टिएअरला आपल्याकडे ते भाग्य लाभलं नाही. भारतीय गिऱ्हाईक कंपास डिझेलमध्येच मागत राहिलं.

चाकणच्या त्याच गाड्यांतलं १.५ लिटरचं टीएसआय इंजिन, १५० पीएसचं, याच दुखण्यावर वेगळं औषध देतं. ऐंशीच्या वेगाला चार सिलिंडरची गरजच नाही, मग दोन बंद करा. बंद करायचे म्हणजे पेट्रोल तोडायचं आणि झडपाही मिटवून ठेवायच्या. नाहीतर ते दोन सिलिंडर उगाच हवा पंप करत बसतील. कॅमशाफ्टवर दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या लोबांसाठी सरकती नळी असते. तिच्यावर प्रत्येक झडपेपुढे दोन घेर शेजारी शेजारी कोरलेले: एकाला उंचवटा, दुसरा अगदी गोल. नळीच्या अंगावर नागमोडी खाच आहे. सोलेनॉइडची पिन वरून त्या खाचेत उतरते, कॅम फिरतच असतो, खाचेचं वळण नळीला बाजूला सारतं आणि झडपेसमोर उंचवट्याऐवजी गोल घेर येतो. झडप हलायची थांबते. सगळं कॅमच्या अर्ध्या फेरीत, म्हणजे दोन हजार आरपीएमला तीस मिलिसेकंदांत. या इंजिनाचा स्फोटक्रम १-३-४-२ असल्यामुळे मधले दोन गेल्यावर पहिला आणि चौथा समान अंतराने पेटत राहतात, म्हणून गाडीतल्या माणसाला काही जाणवत नाही. डॅशबोर्डवर दोन सिलिंडर चालू असल्याची ओळ मात्र उमटते, आणि ती उमटलेली ठेवण्यासाठी पायाची कसरत करणारे लोक आहेत.

झडप उशिरा मिटवण्याच्या युक्तीचा सर्वांत मोठा विजय हायब्रिड गाड्यांत दिसतो. इनटेक झडप पिस्टन वर निघाल्यावरही उघडी ठेवली तर थोडी हवा परत जाते. दाबायची हवा कमी, पण स्फोटानंतर प्रसरणाला पूर्ण धाव मिळते. इंग्लंडच्या जेम्स अॅटकिन्सनने १८८२ मध्ये हा फायदा गुंतागुंतीच्या क्रँकने मिळवला होता. टोयोटाने १९९७ च्या प्रियसमध्ये तो नुसत्या झडपेच्या वेळेने मिळवला. ताकद घटते, ती तूट विजेची मोटर भरून काढते. मारुतीच्या ग्रँड विटारा हायब्रिडचा लिटरला २७.९७ किलोमीटर हा आकडा यातूनच आला. आकडा प्रमाणित चाचणीतला, रोलरवरचा. कोकणे चौकातला नव्हे.

ह्युंदाईने २०१९ मध्ये उरलेल्या तिसऱ्या गोष्टीला, कालावधीला, थेट हात घातला. तिच्या सीव्हीव्हीडी यंत्रणेत कॅमच्या फिरण्याचं केंद्र किंचित सरकवतात, त्यामुळे एकाच फेरीत लोब झडपेवर रेंगाळतो किंवा घाईने पुढे जातो. जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना घेऊन २०२५ पासून ह्युंदाई तिथे व्हेन्यू ही गाडी बनवते. तिच्यात मात्र अजून ही यंत्रणा नाही.

डिझेलवाले या गर्दीत का दिसत नाहीत? चाकणच्या स्कॉर्पिओ-एनच्या डिझेलला हवा मोजायला थ्रॉटल लागतच नाही, म्हणून पोकळी ओढण्याचं दुखणं नाही. आरपीएमचा पल्लाही आखूड. शिवाय दाबाचं प्रमाण मोठं असल्याने वर आलेला पिस्टन आणि झडप यांच्यात अंतर इतकं कमी की कॅम मोकळेपणी फिरवायला जागाच उरत नाही. तिथे टर्बोची पाती वळवून भागतं.

बिघाड कुठून येतो

यातल्या बहुतेक यंत्रणांत एक वस्तू सामाईक आहे: इंजिन ऑइल. फेझर तेलावर फिरतो, व्हीटेकची पिन तेलावर सरकते, मल्टिएअर तर तेलानेच झडप उघडतं. पूर्वी ऑइल बदलायला दोन-तीन हजार किलोमीटर उशीर झाला तर इंजिन गुमान सोसायचं. आता सोलेनॉइडच्या तोंडाशी बारीक जाळी असते आणि काळा गाळ पहिल्यांदा तिथेच साचतो. कंपनीने ०डब्ल्यू-२० हे पातळ ऑइल सांगितलेलं असताना घट्ट ऑइल घातलं तर थंड इंजिनात ते फेझरच्या कप्प्यात उशिरा पोचतं. पिंपळे सौदागरची कितीतरी माणसं हिंजवडीला गाडीने जातात: सहा-आठ किलोमीटर, त्यातला बराच वेळ उभ्याने. किलोमीटर कमी म्हणून ऑइल लांबवायचं, हा हिशेब इथे फसतो. इंजिन तापून तेलातलं पाणी आणि पेट्रोलचा अंश उडून जायला वेळच मिळत नाही. अशा गाडीचं ऑइल महिन्यांवर बदलावं.

चेक इंजिनचा दिवा लागला आणि स्कॅनरवर पी००११ किंवा पी००१२ आलं तर अर्थ एवढाच, की इनटेक कॅम सांगितलेल्या जागेच्या पुढे किंवा मागे अडकला. हा कोड पाहून थेट महागडा फेझर बदलायला सांगणारा मेकॅनिक भेटला तर थोडं थांबावं. आधी ऑइलची पातळी आणि ग्रेड, मग सोलेनॉइड काढून जाळी, मग त्याला बारा व्होल्ट देऊन आतली दांडी टकटक सरकते का ते पाहणं. हे तासाभराचं काम आहे. ताणलेल्या चेनमुळेही क्रँक आणि कॅमचा मेळ बिघडतो, पण तेव्हा सहसा पी००१६ सोबत येतो.

लॉक पिन झिजलेला फेझर थंड स्टार्टला एक-दोन सेकंद खडखडतो आणि तेलाचा दाब आला की गप्प होतो. जुनी गाडी विकत घेताना हाच आवाज ऐकायचा असतो. आणि तो गरम इंजिनात ऐकू येत नाही, हे विकणाऱ्यालाही ठाऊक असतं. तेव्हा पोचल्याबरोबर आधी बॉनेटवर हात ठेवावा. ते कोमट लागलं तर चहा घेऊन निघावं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, फोन न करता, पुन्हा जावं.